कॅमेरे किती ते राहू द्या, त्यात दिसतं काय ते सांगा

पालिकेने अमुक इतके सीसीटीव्ही बसवले अशी बातमी आली की तेवढा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. त्या आकड्याला तसा काडीचा अर्थ नाही. खरा प्रश्न असा की प्रत्येक खांबावरचा कॅमेरा कशासाठी आहे, हे कुणी लिहून ठेवलंय का? ते लिहिलेलं नसेल तर तो कॅमेरा दोन्हीकडून नडतो. चोरी होते तेव्हा त्यात चोराचा चेहरा सापडत नाही, आणि एरवी समोरच्या घराची खिडकी, दवाखान्याचं दार, मोर्चातली माणसं मात्र बिनबोभाट टिपली जातात.

काय दिसायला हवं याला माप आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत ते दिलंय: समोरच्या दृश्यातला एक मीटर चित्रात किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, व्यापतो. २५ पिक्सेल असतील तर माणूस आहे एवढंच कळतं. १२५ असतील तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची तर २५० लागतात. आता १०८० पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे २५० च्या हिशेबाने जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचा पट्टा मिळतो. सर्रास वापरली जाणारी ४ मिलिमीटरची लेन्स १० मीटरवर साधारण १४ मीटर रुंदी पकडते, म्हणजे मीटरला १३५ च्या आसपास पिक्सेल. २० मीटरवर ते सत्तरच्या खाली येतात, ४० मीटरवर पस्तिसाच्या. 'अख्खा चौक दिसतो' असं कौतुकाने सांगितलं जातं ना, त्याचा अर्थ चौकातला कुणीच ओळखू येत नाही, असा होतो. चौक पाहायला एक कॅमेरा आणि चौकात येणाऱ्या अरुंद वाटेवर चेहऱ्यासाठी दुसरा, लांब लेन्सचा (जास्त मिलिमीटरची, कमी रुंदी पण मोठं दाखवणारी), अशीच जोडी लागते.

उंचीचंही तेच. तोडफोड नको म्हणून कॅमेरा ७ मीटरवर चढवतात. खांबापासून ५ मीटरवरच्या माणसाकडे तो जवळपास ४८ अंशांच्या कोनातून पाहतो, म्हणजे टोपी, टक्कल आणि खांदे दिसणार. चेहरा १५ अंशांच्या आत हवा असेल तर माणूस वीस मीटर लांब असायला हवा, आणि तिथे ४ मिलिमीटरच्या लेन्सला पिक्सेल उरलेले नसतात. त्या उंचीवर १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर वीस मीटरवर मीटरला दोनशे पिक्सेल मिळतात. किमतीत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो निविदा लिहिणाऱ्याने हे गणित केलंय की नाही, याने.

गाडीचा नंबर हा तर वेगळाच विषय. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. रात्री साधा कॅमेरा उजेड कमी म्हणून शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो, तेवढ्यात गाडी ६७ सेंटिमीटर सरकते आणि नंबरप्लेटचा पांढरा फराटा होतो. शटर १/१००० केलं तर सरक दोन सेंटिमीटरच्या आत येते, पण मग प्लेटवर थेट इन्फ्रारेड प्रकाश टाकावा लागतो आणि बाकीचं दृश्य काळंकुट्ट होतं. म्हणून नंबर वाचणारा कॅमेरा फक्त नंबरच वाचतो. एकाच कॅमेऱ्यात रस्ताही दिसेल, चेहराही आणि नंबरही, असं विक्रेता म्हणाला तर त्याच्याकडून रात्रीची चित्रफीत मागा.

बसवल्यावर काय बिघडतं? बहुतेक वेळा कॅमेरा नाहीच, त्याच्या आसपासचं काहीतरी. इन्फ्रारेडच्या प्रकाशाला किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि जाळ्यावरून उलटलेल्या प्रकाशाने रात्रभर धुकं दिसतं. पानगळीत लावलेल्या कॅमेऱ्यासमोर पुढे फांदी फुटते. घुमटाच्या काचेवर ओरखडे पडतात. खांबावरच्या पेटीतला पॉवर सप्लाय जातो, विजेच्या लोळाने नेटवर्कच्या तारा जोडणारा स्विच जळतो. नेटवर्कच्याच तारेतून वीज देण्याची पद्धत १०० मीटरपर्यंतच धड चालते. पुढे ओढलेली तार आज चालली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये. फिरता कॅमेरा ऑपरेटरने कुठेतरी वळवला आणि मूळ जागी परत येण्याची वेळ लावलीच नाही, तर तो आठवडाभर भिंत चित्रित करत बसतो. हे सगळे कॅमेरे नियंत्रण कक्षातल्या फलकावर 'चालू'च दिसतात, कारण तिथे फक्त जोडणी आहे का एवढंच तपासलं जातं.

साठवणीचा हिशेब तर सोपा आहे, तरी सगळ्यात जास्त वेळा तोच चुकतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठणारा डेटा, ४ मेगाबिट धरला तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो. ३० दिवसांचे झाले १.३ टीबी, शंभर कॅमेऱ्यांचे १३० टीबी, आणि डिस्क बिघडली तरी फुटेज वाचावं म्हणून वर राखीव जागा वेगळी. पण बिटरेट बदलता ठेवलेला असेल तर पाऊस, हलणारी पानं, रात्रीच्या चित्रातले दाणे यांनी तो फुगतो. डिस्क लवकर भरते, जुनं आपोआप पुसलं जातं आणि कागदावरचे तीस दिवस प्रत्यक्षात अठरा उरतात. हे कळतं ते कुणी पंचविसाव्या दिवशी फुटेज मागितल्यावर. म्हणून 'रेकॉर्डिंग चालू आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नये. मुदतीतल्या सगळ्यात जुन्या दिवसाची दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगावं, आणि ती पाहताना कोपऱ्यातलं घड्याळही बघावं. वेळ सर्व्हरशी जुळवलेली नसेल तर दोन कॅमेऱ्यांत पाच-सात मिनिटांचा फरक सहज निघतो. मग एकच माणूस एकाच वेळी दोन चौकांत दिसतो आणि बचावाच्या वकिलाचं निम्मं काम परस्पर होतं.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमधल्या ब्रेंटवुडमध्ये १९९५ साली एक माणूस रस्त्यावर स्वतःचा जीव घ्यायच्या बेतात होता. पालिकेच्या ऑपरेटरला तो हातात सुरी घेतलेला दिसला, त्याने पोलिसांना कळवलं आणि मदत वेळेवर पोचली. कॅमेऱ्याचा याहून चांगला उपयोग तो कोणता! पुढे त्याच पालिकेने ती दृश्यं आपल्या यंत्रणेच्या प्रसिद्धीसाठी वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला दिली, चेहरा धड न झाकता. ओळखीच्यांनी त्याला ओळखलं. २००३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग ठरवला. कॅमेरा तोच, ऑपरेटरही चोख. चुकलं ते फुटेज बाहेर जाण्याच्या दारावर.

ते दार सांभाळायचं कसं, यात काही गुपित नाही. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचं लॉगिन, कुणी कोणतं फुटेज कधी पाहिलं याची पुसता न येणारी नोंद, आणि कक्षात मोबाइलला बंदी. स्क्रीनचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण आधी गावभर होतं, आणि पुरावा म्हणूनही त्याला किंमत राहत नाही. पुरावा द्यायचा तर मूळ फाइल, ती उघडणारा प्लेअर, फाइलचा हॅश आकडा (फाइल जराही बदलली तर हाही बदलतो) आणि कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची सही. घरांच्या खिडक्यांवरचा काळा पट्टा कॅमेऱ्यातच टाकावा. फक्त पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर रेकॉर्डिंगमध्ये खिडकी उघडीच राहते. आवाजाचं ध्वनिमुद्रण बंद. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, असेच पासवर्ड वापरून कॅमेरे आणि रेकॉर्डर हजारोंनी ताब्यात घेतले होते.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल थोडक्यात. दिवसाला एक लाख चेहरे समोरून गेले आणि चूक हजारात एक धरली, तरी रोज शंभर निरपराध माणसांवर बोट ठेवलं जाणार. खरे संशयित त्यात दोन-चारच असतील. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये आपल्या शहर यंत्रणांना हे तंत्र वापरायला मनाई केली. मला ती घाई वाटत नाही.

म्हणून कॅमेरे नकोतच का? तसं नाही. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास कमी झालेले दिसले. सर्वाधिक फायदा वाहनतळांवर, हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम नाही. नुसतं रेकॉर्डिंग होत होतं तिथल्यापेक्षा कुणीतरी प्रत्यक्ष पाहत होतं तिथे गुण जास्त आला. म्हणजे बजेटमधून आणखी वीस कॅमेरे घेण्यापेक्षा पाहणारी माणसं, काचा पुसणारी माणसं आणि दुरुस्तीचा करार घ्यावा.

पालिकेकडे अर्ज करणार असाल तर संख्या विचारू नका. एका खांबाचा क्रमांक घ्या आणि त्या एकाच कॅमेऱ्याचा लेखी हेतू, मीटरला पिक्सेल, फुटेज ठेवण्याची मुदत, शेवटची सफाई आणि गेल्या महिन्यात ते कुणाकुणाला दाखवलं त्याची नोंद मागा. तुमच्याच एखाद्या घटनेचं फुटेज हवं असेल तर क्रम वेगळा: तारीख, वेळ आणि खांब लिहून 'हे पुसू नका' असं पत्र त्याच दिवशी द्या, पोच घ्या. बाकीचा अर्ज सावकाश केला तरी चालेल.