कॉलिन्सबाईंचं 'नाही' आणि त्याआधीची 'हो'

आज परत तो फॉरवर्ड. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या, ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांचा फोटो, खाली 'ट्रम्पला नडणारी एकटी रणरागिणी' आणि हात जोडलेले इमोजी. पाठवणारे सगळे आपलेच. विज्ञानावर, सरकारी दवाखान्यांवर, सार्वजनिक रेडिओवर पैसे खर्च झाले पाहिजेत असं मानणारे. तुम्हीही तेच मानता, म्हणून तो मुद्दा पटवत बसत नाही. माझा वैताग वेगळा आहे. फॉरवर्डमध्ये खोटं काहीच नाही आणि तरीही तो दिशाभूल करतो.

हो, १ जुलै २०२५ ला ट्रम्पच्या त्या 'बिग ब्यूटिफुल' विधेयकाविरुद्ध (करसवलती, आणि मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात कपात) बाईंनी मत दिलं. १७ जुलैला परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे मंजूर झालेले ९ अब्ज डॉलर परत काढून घेतले, त्यालाही त्यांचा विरोध होता. दोन्ही कपाती तरीही मंजूर झाल्या. असं का झालं, हे फॉरवर्डमध्ये नसतं.

आधी लॉब्स्टरची गोष्ट सांगते, कारण बाईंचं सगळं राजकारण तिच्यात आहे. अमेरिकेत 'सी ग्रँट' नावाची १९६६ पासूनची योजना आहे. समुद्रकिनारा किंवा मोठी तळी असलेल्या राज्यांतल्या विद्यापीठांना मासेमारीच्या संशोधनासाठी पैसे मिळतात. देशात असे ३४ कार्यक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेनच्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांची व्हाइट हाउसमध्ये सगळ्यांसमोर ट्रम्पशी खडाजंगी झाली. आठवड्याभरात मेनच्या सी ग्रँटला पत्र आलं की तुमचं काम आता सरकारच्या प्राधान्यात बसत नाही. ४५ लाख डॉलरचं अनुदान बंद. बंद झालं ते फक्त मेनचं, बाकी ३३ जणांना धक्काही नाही. अमेरिकेतले बहुतेक लॉब्स्टर जिथे पकडले जातात, तिथलंच लॉब्स्टर-संशोधन म्हणे प्राधान्यात बसत नाही!

मग कॉलिन्सबाई वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांच्याशी बोलल्या. काही दिवसांतच 'अनुदानाच्या अटींवर नव्याने बोलणी करू' असा निरोप आला. मेनमध्ये कौतुक झालं. का होणार नाही? काम झालं ना.

आपल्याला हा प्रकार नवा आहे का? साहेबांना फोन केला, साहेबांनी वर फोन केला, अडलेली फाइल हलली. ज्याचा साहेब मोठा त्याचं काम होतं, बाकीचे रांगेत. इकडे आपण याला नावं ठेवतो आणि तिकडे घडलं की टाळ्या वाजवतो.

बरं, फोन करणाऱ्या बाई कोण? सिनेटच्या अप्रोप्रिएशन्स कमिटीच्या अध्यक्ष. केंद्र सरकारचा वार्षिक खर्च खातेवार ठरवणारी ही समिती. कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून डॉलर निघत नाही, हे अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात आहे. आणि मंजूर झालेला पैसा राष्ट्राध्यक्षाला मनाला येईल तसा अडवता येत नाही, हे निक्सनने अडवाअडवी केल्यावर १९७४ च्या कायद्याने पक्कं झालं. म्हणजे मंत्र्याने बाईंना फोन करून 'मॅडम, हे खातं बंद करू का?' असं विचारायला हवं. इथे उलटं झालं. पैसे वाटणाऱ्या समितीची अध्यक्ष आपल्याच समितीने मंजूर केलेल्या पैशांसाठी रदबदली करतेय.

तारखा लावून बघा. ६ फेब्रुवारी २०२५ ला रसेल वॉट यांची अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख म्हणून ५३ विरुद्ध ४७ मतांनी नेमणूक झाली. कपातींचा सगळा आराखडा या माणसाच्या डोक्यातला. १९७४ चा कायदाच घटनाबाह्य आहे, असं तो उघड म्हणत होता. कॉलिन्सबाईंचं मत? हो.

दुसऱ्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. ज्यांची मुलं तिकडच्या प्रयोगशाळांत पोस्टडॉक करतात त्यांना हे ऐकून माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात. संशोधकाला प्रयोगासाठी १०० डॉलर मिळाले की संस्थेला वर ५०-६० मिळतात, कुठे कमी, कुठे जास्त. दर प्रत्येक संस्थेने सरकारशी आधी ठरवलेला असतो. त्यातून उणे ८० अंशांच्या फ्रीझरांची वीज, उंदीरघराची हवा, जैवसुरक्षा, हिशेबनीस, इमारतीची डागडुजी. हे १५ वर आणलं की संशोधकाचे १०० तसेच राहतात आणि उंदीरघर बंद पडतं. उंदीर नाहीत तर त्या १०० चं करायचं काय? मेनमध्ये बार हार्बरला जॅक्सन लॅब आहे, जगभरच्या प्रयोगशाळांना जनुकीय वाणाचे उंदीर पुरवणारी. बाई चिडल्या, आणि रास्त चिडल्या. हा दर असा बदलायचा नाही, असं खर्चाच्या कायद्यातच लिहिलंय, हे त्यांनी बरोबर दाखवून दिलं. मग आरोग्यमंत्रिपदाचे उमेदवार केनेडी यांनी 'मी बघतो' असं आश्वासन दिलं आणि १३ फेब्रुवारीला बाईंनी त्यांना मत दिलं. ती मर्यादा अडवली कोर्टाने.

आता जरा दमाने घेते, कारण या बाईंचं काम मला खरंच ठाऊक आहे. १९९७ पासून सिनेटमध्ये आहेत आणि एकही मतदान चुकवलेलं नाही. नऊ हजारांवर मतं, सलग. आपल्याकडच्या खासदारांची हजेरी काढून बघा एकदा. समितीतलं कामही कागदावर भक्कम आहे. ट्रम्पच्या प्रस्तावात एनआयएचचे पैसे साधारण ४० टक्क्यांनी कापले होते. ३१ जुलैला बाईंच्या समितीने उलट ४० कोटी डॉलर वाढवून विधेयक २६ विरुद्ध ३ मतांनी पुढे पाठवलं. रिपब्लिकन, डेमोक्रॅट दोघांना एका टेबलावर बसवून ही बेरीज करणं सोपं नसतं.

आणि गरिबांना घर तापवायला मिळणारं हीटिंगचं अनुदान. यावर मी त्यांना पूर्ण मार्क देते. मेनमध्ये निम्म्याहून जास्त घरं अजून तेलावर तापतात. तळघरात २७५ गॅलनची टाकी, विक्रेते सहसा १०० गॅलनपेक्षा कमी आणून द्यायला तयार नसतात. म्हणजे गरीब माणसाला एकदम काहीशे डॉलर रोख लागतात, थोडं थोडं घेऊन भागत नाही. टाकी कोरडी पडली तर नुसती थंडी वाजत नाही. तेलाच्या नळीत हवा शिरते, तळाचा गाळ फिल्टरमध्ये अडकतो, नंतर तेल ओतलं तरी भट्टी पेटत नाही. मेकॅनिक येऊन हवा काढेपर्यंत पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि अनुदान वेळेत मिळालं असतं तर वाचला असता त्याच्या कितीतरी पट खर्च घरावर बसतो. १ एप्रिल २०२५ ला या योजनेचे वॉशिंग्टनमधले कर्मचारीच काढून टाकले. पैसे मंजूर होते, पण कुठल्या राज्याला किती हे सूत्राने काढून वाटणारी माणसंच उरली नाहीत. सुमारे ३८ कोटी डॉलर अडकले. बाईंनी डेमोक्रॅट जॅक रीड यांच्याबरोबर पत्र लिहिलं, पाठपुरावा केला, पैसे सुटले. आणि हे फक्त मेनचे नव्हते, सगळ्या राज्यांचे होते.

२०१७ चंही सांगायला हवं. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, मोडायचं विधेयक पडलं तेव्हा रिपब्लिकन सिनेटर मॅकेनचा विरोधात मत देताना खाली केलेला अंगठा सगळ्यांना आठवतो. कॉलिन्स आणि अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर मरकाउस्की या दोघी त्याच्या आधीपासून विरोधात होत्या, हे कुणाला आठवत नाही. पुरुषाने ऐनवेळी केलं की नाट्य, बायकांनी आठवडाभर रेटलं की ती बातमीच नाही. असो.

पण थांबा, इथेच तर मेख आहे. २५ जुलै २०१७ ला 'विधेयक चर्चेला घ्यायचं का' एवढ्यावरच मतदान होतं. मोशन टू प्रोसीड. बाईंनी तिथेच 'नाही' म्हटलं.

आता २८ जून २०२५, शनिवारची रात्र. तीच पायरी, 'बिग ब्यूटिफुल' चर्चेला घ्यायचं का. मतदान तीन तासांहून जास्त ताटकळत ठेवलं, कारण मतं जुळत नव्हती. रिपब्लिकन सिनेटर टिलिस आणि रँड पॉल 'नाही'. कॉलिन्स 'हो'. निकाल ५१ विरुद्ध ४९. बाईंचं स्पष्टीकरण असं की कुठलं विधेयक पटलावर आणायचं हा सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्याचा अधिकार, त्याचा मान राखते. २०१७ मध्ये नेता नव्हता का? मॅककॉनेल होते की! तेव्हा कुठे गेला होता हा मान?

ही पायरी नुसती औपचारिक नसते. रिकन्सिलिएशनच्या, म्हणजे अर्थसंकल्पी विधेयकांच्या खास झटपट मार्गाने आलेल्या विधेयकाला फिलिबस्टर (चर्चा लांबवून विधेयक अडवणं) लागत नाही, ६० मतांची अट नाही. एकदा चर्चेला घेतलं की २० तासांची मर्यादा, मग दुरुस्त्यांवर रात्रभर मतदान आणि शेवट बहुतेक ठरलेला. रोखायचं असेल तर आधीच. बाईंनी मधे एक चांगली दुरुस्ती आणली: ग्रामीण रुग्णालयांचा निधी २५ वरून ५० अब्ज करायचा आणि त्यासाठी अतिश्रीमंतांचा कर वाढवायचा. २२ विरुद्ध ७८ अशी आपटली. मग १ जुलैला ५०-५०, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं निर्णायक मत आणि विधेयक मंजूर.

गणित समजून घ्या. रिपब्लिकन ५३. व्हान्स धरून त्यांना तीन मतं गमावणं परवडतं, चौथं नाही. १ जुलैला विरोधात तीन: टिलिस, पॉल, कॉलिन्स. १७ जुलैच्या ९ अब्जांना विरोध कॉलिन्स आणि मरकाउस्की या दोघींचा, ५१ विरुद्ध ४८. वॉटच्या नेमणुकीला रिपब्लिकनांमधून विरोध शून्य. बाईंचं 'नाही' या दोन्ही वेळी परवडणाऱ्या हिशेबात बसलंय. हा योगायोग असेलही. मला तसं वाटत नाही.

मान्य आहे, २८ जूनला त्या एकट्या फिरल्या असत्या तरी व्हान्सने ५०-५० फोडलंच असतं. मान्य, १ जुलैला विधेयक तारणारं मत मरकाउस्कींचं होतं, अलास्कासाठी सवलती घेऊन दिलेलं. तिच्यावर एक वेगळी पोस्ट होईल. पण त्या शनिवारी दोघी मिळून 'नाही' म्हणाल्या असत्या तर? २०१७ ला म्हणाल्याच होत्या की.

आणि किंमत मोजावी लागते, हेही खरं. टिलिस यांनी २८ तारखेला 'नाही' म्हटलं, ट्रम्पने धमकी दिली, दुसऱ्या दिवशी टिलिस यांनी पुढची निवडणूक लढणार नसल्याचं जाहीर केलं. पण आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. इकडे १९८५ पासून व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते, म्हणून आपल्याला एकटं 'नाही' दिसलं की भरून येतं. सिनेटमध्ये पक्षाविरुद्ध मत देऊन खुर्ची जात नाही.

मेनमध्ये मेडिकेडवर जवळपास चार लाख लोक आहेत, राज्याची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या. नव्या कायद्याने विस्तारित मेडिकेडवरच्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवायचं आणि दर सहा महिन्यांनी पात्रता नव्याने सिद्ध करायची. यात माणसं गळतात ती काम करत नाहीत म्हणून कमी आणि फॉर्म वेळेत पोचत नाही म्हणून जास्त. लॉब्स्टर पकडणाऱ्याकडे कुठली पगाराची स्लिप? हंगाम असेल तेव्हा पहाटेपासून समुद्रावर, हिवाळ्यात बोट बांधून ठेवलेली. त्याच्या तासांचा दाखला कोण देणार? संशोधनाचे ४५ लाख फोनवर सुटले. याच्या विम्यासाठी बाई कुणाला फोन करणार?

त्यातून ऑगस्ट उजाडला आणि वॉटने आणखी एक युक्ती काढली. १९७४ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाने 'हे पैसे रद्द करा' असं संसदेला कळवलं की ४५ दिवस ते पैसे अडवून ठेवता येतात. संसदेने मान्य केलं नाही तर सोडावे लागतात. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. म्हणून पत्र पाठवलं ऑगस्टच्या अगदी शेवटी, ४.९ अब्जांचं. ४५ दिवस पुरे होण्याआधी वर्षच संपतं आणि पैशांची मुदत बुडते. संसदेने काही करायची गरजच नाही. बाईंनी हे सरळ बेकायदेशीर आहे असं निवेदन काढलं. निवेदन उत्तम होतं. २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पैसे अडवून ठेवायला मुभा दिली. आणि ज्याने हे केलं त्याला खुर्चीत बसवताना 'हो' म्हणणाऱ्या ५३ जणांत बाई होत्याच.

कमेंटमध्ये 'मग डेमोक्रॅट काय धुतल्या तांदळाचे का' येणार, माहितेय. नाहीत. 'त्या नसत्या तर त्या जागी कुणी कट्टर आला असता' हेही येईल, आणि त्यात तथ्य आहे. २०२४ मध्ये ट्रम्पविरुद्ध कमला हॅरिस जिंकलेल्या राज्यातून आलेल्या त्या एकट्याच रिपब्लिकन सिनेटर आहेत. दोन्ही मान्य. तरी पुढच्या वेळी असा फोटो आला की सिनेटच्या संकेतस्थळावर त्या विधेयकाचं शेवटचं मतदान बघून थांबू नका. त्याच्या आधीचं मोशन टू प्रोसीड उघडा, त्या खात्याच्या प्रमुखाच्या नेमणुकीचं मतदान उघडा, आणि ट्रम्पच्या पक्षातली विरोधातली मतं तीनपेक्षा जास्त होती का ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. मग पाठवा खुशाल.