हाफ फ्राय एक, भुर्जी एक आणि आजोबांचं उकडलेलं

रविवारी अंडी करायची हे शनिवारी रात्री ठरतं आणि पहिली हरकत भिंतीवरून येते. कालनिर्णय. संकष्टी निघाली तर बेत पुढच्या आठवड्यावर, श्रावण निघाला तर थेट पुढच्या महिन्यावर. आणि अंड्यांचा भाव उतरतो तोही नेमका श्रावणातच. अंड्यांचे भाव रोज जाहीर करणाऱ्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे, पण ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही तिची घोषणा काही पुण्यातल्या घरात बसून सुचलेली वाटत नाही. आपल्याकडे मंडे म्हणजे सोमवार, आणि सोमवारी उपास. मग कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, मधूनच एकादशी. उरला संडे, तोही चतुर्थी नसेल तर.

तिथी मोकळी निघाली की दुसरी हरकत ओट्याखालून येते. अंड्याचा तवा. ज्या घरात निम्मी माणसं अंडं खातात आणि निम्मी नुसता वास घेऊन नाक मुरडतात, तिथे हा तवा वेगळा असतो आणि त्याची निवड साधी असते: डोशाला नालायक ठरला तो अंड्याला. हँडल लुळं, मधोमध कोटिंग गेलेलं, बूड फुगलेलं. म्हणजे स्वयंपाकघरात सगळ्यात हट्टाने चिकटणारा पदार्थ आपण सगळ्यात टाकाऊ भांड्यात करतो आणि वर म्हणतो, ‘हॉटेलसारखं होत नाही.’ कसं होईल? हॉटेलात सगळ्यात चांगला तवा अंड्याच्या वाट्याला येतो. माझं स्पष्ट मत आहे की घरात नवा नॉनस्टिक तवा आला की तो आधी अंड्याला द्यावा आणि म्हातारा झाला की पोळ्यांच्या कामाला लावावा. हे मत मोठ्याने मांडायचं धाडस मात्र कुणी करू नये.

मग कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे ना, ब्रंचलाच जाऊ बाहेर.’

ब्रंच हा शब्द गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजाने 1895 साली एका साप्ताहिकात लेख लिहून रुजवला. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी भल्या सकाळी नाश्त्याला उठवू नये, त्याला दुपारकडे एकदाच नीट खाऊ द्यावं, अशी त्याची मागणी होती. आपल्या शेतकऱ्याला यात नवं काही दिसलं नसतं. पहाटेपासून औत धरल्यावर दहा-अकराला बांधावर भाकरी, झुणका आणि बुक्कीने फोडलेला कांदा यायचा, त्याला न्याहारी म्हणत. फरक एवढाच की न्याहारीआधी चार तास राबावं लागे आणि ब्रंचआधी चार तास झोपावं लागतं.

हल्ली मात्र ब्रंचलाही राबावं लागतं. दारात वहीत नाव लिहायचं, ‘वीस मिनिटं’ ऐकायचं आणि पन्नास मिनिटं उभं राहायचं. आतल्यांचं खाणं झालेलं असतं, पण ते उठत नाहीत. बाहेरचे काचेतून त्यांच्याकडे लग्नाच्या पंगतीत खुर्चीमागे उभं राहावं तसे बघत असतात. अखेर बसायला मिळतं आणि पुढ्यात मेनू येतो. त्यात अंड्याला अंडं म्हटलेलं नसतं.

इथे एक व्यावहारिक सल्ला. बाहेर गेल्यावर घरी जमतं ते मागवू नये. उकडलेलं अंडं आणि टोस्ट तीनशे रुपयांना खाणारा माणूस उदार असतो, पण शहाणा नसतो. मागवावं ते एग्ज बेनेडिक्ट, म्हणजे पावावर पोच्ड (कवच फोडून पाण्यात शिजवलेलं) अंडं आणि वर सॉस. कारण त्यावरचा हॉलंडेज सॉस. दोन बलक आणि चमचाभर लिंबाचा रस वाफेवर घोटत राहायचं आणि त्यात शंभरेक ग्रॅम वितळलेलं लोणी, सुरुवातीला अक्षरशः थेंब थेंब, घालायचं. खालचं पाणी नुसतं वाफाळावं, खळखळलं की बलक शिजून त्याची भुर्जी होते. लोणी घाईने ओतलं तर सॉस फाटतो आणि तुपाच्या तळ्यात पिवळे कण तरंगताना दिसतात. फाटलाच, तर दुसऱ्या भांड्यात नवा बलक आणि चमचाभर कोमट पाणी घेऊन त्यात फाटलेला सॉस हळूहळू घोटायचा, जुळतो. पण शिजूनच गेला असेल तर इलाज नाही. हा सगळा उपद्व्याप दुसऱ्याने केलेला असेल तर पैसे द्यायला हरकत नाही.

त्याखालच्या पोच्ड अंड्याबद्दल मात्र भाबडेपणा नको. तुम्ही सांगितल्यावर खानसाम्याने पाण्यात भोवरा करून अलगद अंडं सोडलं असेल, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. गर्दीच्या रविवारी असलं काही होत नाही. पुष्कळ ठिकाणी अंडी आधीच पोच करून बर्फाच्या पाण्यात पडलेली असतात आणि वाढण्यापूर्वी मिनिटभर गरम पाण्यात बुडवून ताटलीत येतात. यात फसवणूक काही नाही, ही उत्तम युक्ती आहे, आणि पुढे ती आपल्यालाही लागणार आहे.

बिलावर पाच टक्के जीएसटी असतो, तो द्यावाच लागतो. त्यावरचा सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो, 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशा सूचनाच काढल्या आहेत. हे माहीत असलेला माणूस प्रत्येक टेबलावर एक असतो आणि त्याला गप्प करणारी त्याची बायको शेजारीच असते.

खरं तर ब्रंच हा शब्द न वापरता ब्रंच देणारी ठिकाणं आपल्याकडे केव्हाची आहेत. मुंबईत धोबीतलावचं कयानी 1904 चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक 1935 चं. इराण्याकडे अकरा वाजताही नाश्ता असतो आणि कुणी त्याला नाव ठेवत नाही, म्हणजे नाव देतही नाही. पारशांच्या अकुरीत, म्हणजे त्यांच्या भुर्जीत, अंडं हलतं-डुलतं असतानाच उतरवतात. आणि गोव्यात संध्याकाळी गाड्यावर रस आम्लेट मिळतं, साध्या आम्लेटावर शाकुतीचा गरम रस्सा आणि सोबत पाव. ती वेळ ब्रंचची नव्हे, पण रस आम्लेट खाणाऱ्याने घड्याळ बघू नये.

असो. चार ब्रंचांच्या बिलांनंतर घराघरात पुन्हा ‘घरीच करू’चा ठराव पास होतो आणि खरी परीक्षा सुरू होते. कारण हॉटेलात ऑर्डर देणारे आपण असतो. घरी आपण ऑर्डर घेणारे. आजोबांना कडक उकडलेलं. बायकोला किंवा नवऱ्याला भुर्जी. मुलीला हाफ फ्राय, आणि बलक फुटला तर चालणार नाही. मुलाला चीज आम्लेट, पण तो अजून उठलेला नाही. आजी खात नाहीत. त्या बाहेरच्या खोलीत उदबत्ती लावून बसतात. शेगडीच्या दोन बर्नरांपैकी एकावर चहा. म्हणजे तवा एक, माणसं चार.

यात पाककौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. उकडलेलं अंडं वाट बघतं, भुर्जी पाच मिनिटं थांबते, आम्लेट दोन मिनिटं. हाफ फ्राय कुणासाठी थांबत नाही. म्हणून सुरुवात उकडण्यापासून आणि शेवट हाफ फ्रायने.

उकडताना आधी पाणी उकळू द्यावं आणि मग झाऱ्याने अंडी आत सोडावीत. गार पाण्यात ठेवून तापवलेली अंडी सोलताना कवचाबरोबर निम्मं पांढरंही घेऊन जातात. आपल्याकडचं अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं असतं. फ्रिजबाहेरचं असेल तर 6 मिनिटांत बलक वाहता, 8 मिनिटांत मधाळ, 11 मिनिटांत आजोबांच्या पसंतीचा. फ्रिजमधलं असेल तर मिनिटभर जास्त. महाबळेश्वरला खोली घेऊन हा उद्योग करणार असाल तर आणखी थोडं, कारण तिथे पाणी शंभरला नाही, 95-96 अंशांवरच उकळतं. गॅस बंद केल्यावर लगेच गार पाण्यात टाका. त्याच गरम पाण्यात ‘राहू दे, थंड होईल आपोआप’ म्हटलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन बलकाभोवती हिरवट-करडी कड तयार होते. ती विषारी वगैरे नसते. पण आजी जो वास शोधत असतात, तो हाच.

आणि हो, उकडायला ताजी अंडी घेऊ नयेत. अंडं शिळं होत जातं तसा त्यातला कर्बवायू कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि पांढऱ्याची आतल्या पापुद्र्यावरची पकड सुटते. आठवड्यापूर्वीची अंडी उकडायला, आजची हाफ फ्रायला. कोणतं अंडं कधीचं हे कळत नसेल तर पाण्यात सोडा: आडवं झोपलं तर ताजं, उभं राहिलं तर उकडायचं, तरंगलं तर टाकायचं.

भुर्जीची गंमत टोमॅटोत आहे. चार अंड्यांना दोन कांदे, एक टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या. कांदा कडेने तांबूस झाला की टोमॅटो, हळद, मीठ, आणि मग टोमॅटोचं पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबायचं. इथेच घरोघरी धीर सुटतो. ओल्या टोमॅटोवर अंडी फोडली की भुर्जीच्या जागी अंड्याचं कालवण तयार होतं. अंडी फेटू नका, तव्यावरच फोडा, वीस सेकंद हात लावू नका, मग कालथ्याने मोठे तुकडे मोडा. गाडीवरचा माणूस टकटक टकटक वाजवतो ते अंडं बारीक करायला नव्हे, गिऱ्हाईक जमवायला. ओलसर असतानाच गॅस बंद. तव्याची धग पुढचं काम करते. त्याच तव्यात, तिखट-मीठ लागलेल्या जागेवर, लोणी टाकून पाव उघडा करून दाबायचा. तवा न धुण्याचं याइतकं सबळ कारण दुसरं नाही.

यानंतर तवा पुसून आम्लेट. इथे घोळ मिठाने होतो. अंड्यात मीठ घालून फेटून ठेवलं तर चालतं. पण त्यातच कांदा घालून फोनवर बोलत बसलात तर मीठ कांद्याचं पाणी ओढून काढतं आणि आम्लेट तव्यावर रडतं. कांदा, मिरची, कोथिंबीर तवा तापल्यावरच मिसळा. कांदा बारीक म्हणजे खरंच बारीक, कारण आम्लेट उलटताना फाटतं ते कांद्याच्या मोठ्या फोडीपाशीच. दोन अंड्यांना आठ इंचांचा तवा. दहा इंचांवर पसरलं की होतो अंड्याचा पापड. तव्यात आधी लोणी टाका, त्याचा फेस बसला की अंडं ओता. लोणी तपकिरी झालं तर उशीर झाला, मुकाट्याने पुसा. इराण्याकडचं आम्लेट फुगतं ते दुधाने नव्हे, हाताने. तो काटा सोडत नाही. आपण पंधरा वेळा फिरवून बास म्हणतो.

आता हाफ फ्राय. सगळ्यात सोपी दिसणारी आणि सगळ्यात जास्त रुसवे घडवणारी गोष्ट. अडचण मुळातच आहे: पांढरं 62 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, पण पुरतं घट्ट व्हायला 80 च्या जवळ जावं लागतं, आणि बलक 70 ला घट्ट होऊन बसतो. एका कवचात राहून दोघांचं एका तापमानाला पटत नाही. म्हणून खालून एकट्या गॅसवर हे साधत नाही. खाली चामट, वर बलकाभोवती लिबलिबीत, आणि मुलगी ताटलीकडे बघूनच ‘शी’ म्हणते. उपाय झाकणाचा. मंद आच, चमचाभर तेल, अंडं आधी वाटीत फोडून (कवचाचा तुकडा पडलाच तर तो बोटाने धरता येत नाही, फुटलेल्या कवचानेच काढावा) तव्याच्या अगदी जवळून सोडायचं. कडा पांढऱ्या झाल्या की बाजूला चमचाभर पाणी टाकून झाकण. वाफ वरचं पांढरं शिजवते. एक मिनिट. सव्वा मिनिटाला बलकावर दुधी पडदा चढतो, दोन मिनिटांनी ते फुल फ्राय होतं आणि आपण म्हणतो, ‘आज असंच खा.’ कडेला जाळीदार कुरकुरीत किनार हवी असेल तर आच मोठी हवी, पण मग मध्य बिघडतो. दोन्ही मागणाऱ्याला ब्रंचला पाठवावं.

पाहुणे आले, म्हणजे सहा हाफ फ्राय एका वेळी, तर हाफ फ्राय सोडून पोच्ड अंडी, आणि तीही हॉटेलच्या युक्तीने. आदल्या रात्री अंडी एकेक करून बारीक गाळणीत घ्यायची, पातळ पांढरं गळून जातं (पोच्ड अंड्याला शेपट्या फुटतात त्या याच पांढऱ्याच्या), मग बुडाशी बारीक बुडबुडे येणाऱ्या पाण्यात तीन मिनिटं आणि लगेच गार पाण्यात. झाकून फ्रिजमध्ये. सकाळी वाफाळत्या पाण्यात मिनिटभर. पाहुण्यांना वाटतं आपण सराईत आहोत.

शेवटी भांडी. इथे चांगली चांगली माणसं गरम पाणी घेतात आणि चुकतात. गरम पाण्याने उरलंसुरलं अंडं भांड्यावर शिजून बसतं, आणि वासही तिथेच बसतो. आधी गार पाणी, मग साबण, मग चहाचा चोथा किंवा पिळलेल्या लिंबाची साल. काटे वेगळे बघा, त्यांच्या दातांत अंडं लपतं आणि दुपारी आजींच्या ताटात कोशिंबिरीबरोबर उगवतं.

तवा पुसून, ओट्याखाली ढकलून, कट्टा कोरडा झाला की बरोबर साडेबाराला, ज्याच्यासाठी बेरिंजरने 1895 साली लेखणी झिजवली तो खोलीतून बाहेर येतो. केस उभे, हातात फोन. ‘माझं चीज आम्लेट?’ त्याला आजोबांसाठी उकडलेल्यांतलं उरलेलं एक द्यावं, सोबत मीठ-मिरपूड. दुसऱ्या बर्नरवर वरणभाताचा कुकर लागलेला आहे, दोन शिट्ट्या झाल्या आहेत, तिसरीला वाढायचंच आहे.