हिशोबाचं विचारलं की ग्रुप गप्प

गेल्या शनिवारी आमच्या तालमीचा संघ कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तीन गोलनी हरला, तेव्हा इथे श्टुटगार्टमध्ये दुपार होती. मी बाल्कनीत मुलाच्या बुटांचा चिखल खरवडत होतो आणि शेजारी तालमीच्या ग्रुपवरच्या मेसेजनी फोन थरथरत होता. कोच बदला. कॅप्टन बदला. बाहेरची पोरं आणून पैसे उधळले, पेठेतली पोरं बाकावर बसून गंजली. अध्यक्षांनी राजीनामा द्यावा. मग दुसरी फळी उतरली: अध्यक्षांना बोलणाऱ्यांनी आधी आपली वर्गणी दाखवावी, मग तोंड उघडावं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉलचे क्लब नसतात, तालमी असतात. पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार ही नावं पेठांची आणि मंडळांची. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पोरं चेंडूमागे धावू लागली आणि धावतच राहिली. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. सामना म्हणजे तिकडे भावकीतला मामला असतो. आमची तालीम यातली कुठली हे मात्र लिहीत नाही. मला गावी परत जायचं असतं.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं : "यंदाचा जमाखर्च कुणी बघितलाय का?"

उत्तर आलं : "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस भावा. मैदानावर ये, मग बोल."

राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं. उन्हात उभं राहून घसा बसवणाऱ्यांना जवळजवळ सात हजार किलोमीटरवरून जमाखर्च विचारणं म्हणजे जेवणावळीत उशिरा येऊन मीठ कमी आहे म्हणण्यासारखंच. तरी प्रश्न विचारला, त्याला कारण त्याच आठवड्यातली एक सभा.

मुलगा जिथे खेळतो तो वस्तीतला छोटा क्लब आहे. जर्मनीत सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते, आणि नोंदवली की वार्षिक सभा आलीच. क्लबच्या बैठ्या इमारतीत चाळीसेक माणसं, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो. खजिनदारबाई चष्मा नाकावर ओढून आकडे वाचत होत्या आणि अर्धी सभा पेंगत होती. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. गोलपोस्टच्या जाळ्या दोन वर्षांत दोनदा का घेतल्या, असं त्यांनी विचारलं. बाईंनी फाईल उघडली, बिलं दाखवली, पहिल्या जाळ्या उंदरांनी खाल्ल्याचं सांगितलं. आजोबा "बरं" म्हणून बसले. त्यानंतर सभासदांमधूनच निवडलेले दोन तपासनीस उभे राहिले : आम्ही वह्या बघितल्या, हिशोब जुळतो. आणि हात वर करून मतदान झालं, मावळत्या मंडळाला भारमुक्त करायचं, म्हणजे त्याचा कारभार मान्य करायचा की नाही. यासाठीचा त्यांचा शब्द आहे 'एंटलास्टुंग', म्हणजे ओझं उतरवणं. हात वर झाले तेव्हा खजिनदारबाईंनी सोडलेला श्वास मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला.

हात माझाही वर होता. या देशात मला महापालिकेसाठीसुद्धा मत नाही, आणि भारतातलं मत द्यायचं तर त्या दिवशी तिथे हजर राहावं लागतं. म्हणजे सध्या जगाच्या पाठीवर माझं मत चालतं ते गोलपोस्टच्या जाळ्यांवर.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झालं, जर्मनीचे गोडवे सुरू. तर श्टुटगार्टचंच उदाहरण देतो. इथल्या मोठ्या क्लबचे, व्हीएफबीचे, लाखाहून जास्त सभासद आहेत. जर्मन लीगमध्ये 'पन्नास अधिक एक'चा नियम आहे. व्यावसायिक संघाची कंपनी काढली तरी बहुमत मूळ संस्थेकडे, म्हणजे सभासदांकडे ठेवायचं. लेव्हरकुझेन, वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद थोडे. 2017 मध्ये व्हीएफबीच्या सभासदांनी 84 टक्क्यांहून जास्त मतांनी कंपनी काढायला होकार दिला आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर कंपनीने 4 कोटी 15 लाख युरो देऊन 11.75 टक्के हिस्सा घेतला. दोन वर्षांत संघ खालच्या श्रेणीत गेला. जुलै 2019 च्या सभेत अध्यक्ष वोल्फगांग डिट्रिश यांना हटवायचा ठराव होता, मतदान मोबाईलवर. ऐन वेळी स्टेडियमचं वायफाय बंद पडलं. ज्या शहरात मर्सिडीज आणि पोर्शे बनतात, तिथे काही हजार माणसं मोबाईल हातात घेऊन बसली, आणि शेवटी सभाच गुंडाळावी लागली. दुसऱ्या दिवशी डिट्रिश यांनी स्वतःच राजीनामा दिला. ऑफिसातला सहकारी ही गोष्ट अजून दर सहा महिन्यांनी सांगतो, आणि प्रत्येक वेळी वायफाय जरा आणखी उशिरा बंद पडतं.

पुढे क्लाउस फोग्ट निवडून आले. निवडून आलेला अध्यक्षच कंपनीच्या देखरेख मंडळाचाही प्रमुख राहील, असं 2017 मध्ये सभासदांना सांगितलं होतं. पोर्शे भागीदार म्हणून आली, आणि मार्च 2024 मध्ये ते प्रमुखपद फोग्ट यांच्याकडून काढून घेतलं गेलं. स्टेडियममधल्या उभं राहून बघायच्या गॅलरीतून शिव्यांचे फलक झळकले. जुलैमध्ये सभासदांनीच फोग्ट यांना अध्यक्षपदावरूनही घालवलं. म्हणजे मत असून राजकारण टळलं नाही, पैसेवाल्याचा आवाजही कमी झाला नाही. आणि गंमत अशी की हा सगळा तमाशा चालू असताना संघ बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला, पुढच्या वर्षी जर्मन चषकही जिंकला. हंगाम चांगला असतानाही इथली माणसं कारभारावरून भांडत होती. आमच्या ग्रुपवर कारभाराची आठवण पराभवाच्या रात्री होते आणि पुढच्या विजयापर्यंत टिकते.

मला फरक दिसतो तो इथे. आणि तो जर्मन रक्तात वगैरे नाही. एक सभासद एक मत हे कोल्हापूरकराला परदेशात जाऊन शिकावं लागतं का? आमचा ऊस, आमचं दूध याच तत्त्वावर चालतं. सभा कशी मारायची हेही आम्हाला चांगलं ठाऊक आहे. विषयपत्रिका वाचून होण्याआधी पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर", मागून "नामंजूर", माइक बंद, राष्ट्रगीत, संपली सभा. नोंदणीकृत मंडळांनी धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोब द्यायचा असतो, हा कायदाही 1950 पासून आहे. नियम तिथेही आहे, कागदही आहे. जाळ्यांचं विचारणारा म्हातारा तेवढा नाही. असलाच तर त्याला "तू किती घातलेस?" हा प्रश्न आधी येतो.

या प्रश्नालाही वजन आहे, नाही म्हणत नाही. आफ्रिकेतून खेळाडू आणायचे, कोचला पगार द्यायचा, तर कुणीतरी दादा खिशात हात घालतोच. पेठेच्या वर्गणीत ते भागत नाही. पण दादांनी पैसे घातले म्हणून वही दादांच्या घरी राहायची, हे मला पटत नाही. उद्या दादांचा मूड गेला, निवडणूक हरले, तर? पुण्यात मी चार वर्षं नोकरी केली, बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघितले, नारिंगी टी-शर्ट अजून कपाटात आहे. 2014 ला सुरू झालेला तो संघ 2019 मध्ये बंद झाला. इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली, त्यांनी 2022 मध्ये विजेतेपदही मिळवलं, आणि 2025 मध्ये तोही संघ दिल्लीला गेला. चाहत्यांनी यातलं काहीच ठरवलं नाही. ठरल्यावर त्यांना बातमीतून कळलं. उलट कोलकात्याच्या मोहन बागानच्या लोकांनी नावाआधी लागलेलं 'एटीके', म्हणजे मालकांच्या आधीच्या संघाचं नाव, काढा म्हणून तीन वर्षं रान उठवलं आणि 2023 मध्ये मालकांना ते काढावं लागलं. नाव परत मिळालं. मालकी होती तिथेच राहिली.

आरडाओरड्याला मी कमी लेखत नाही. इथेही 2024 च्या सुरुवातीला गुंतवणूकदाराला लीगच्या प्रक्षेपण हक्कांमध्ये हिस्सा देण्याविरुद्ध प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकली. सामने पुन:पुन्हा थांबले. फेब्रुवारीत लीगने तो बेतच सोडून दिला. चेंडू वेचणाऱ्या पोरांची त्या महिन्यात काय हालत झाली असेल! पण ते चेंडू फेकणारे बरेचसे आपापल्या क्लबचे मतदार होते, आणि पदाधिकाऱ्यांना ते माहीत होतं. आमच्या पोरांचा आवाज त्याहून मोठा आहे. तो फक्त गोलच्या वेळी निघतो.

तर शनिवारी रात्री मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. या वेळी जर्मनीचा ज सुद्धा काढला नाही. "तालमीची वार्षिक सभा कधी आहे? मी सुट्टी काढून येतो. मैदानावरपण येतो."

दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने पुढच्या रविवारच्या सामन्याचं पोस्टर टाकलं, त्यावर वाघाचं चित्र. खाली चाळीस जणांनी हात जोडले.

अकराच्या सुमारास चुलतभावाचा वेगळा मेसेज आला. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. "दादा, सभा गेल्या वर्षी झालीच न्हाई म्हणं. सेक्रेटरींना विचारून सांगतो. तुझं नाव न्हाई घेत."