"एडीआर म्हणजे टाइमपास पेपर" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

एडीआर, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवण्याच्या पद्धती, या विषयाबद्दल लॉच्या मुलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "एडीआर आदल्या रात्री वाचलं तरी निघतं. आर्बिट्रेशन म्हणजे कोर्टाचीच लाइट आवृत्ती, आणि निवाडा शेवटी कोर्टातच जातो. मेडिएशन म्हणजे गोड बोलून तडजोड, त्यात कायदा कुठाय? शिवाय तडजोडीत कमजोर माणूसच मरतो. खरं वकील व्हायचं तर मूट करा." (आर्बिट्रेशन म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या खाजगी लवादाने निवाडा देणं, मेडिएशन म्हणजे मध्यस्थाच्या मदतीने समझोता, आणि मूट म्हणजे सरावासाठी लढवलेला काल्पनिक खटला.) मला हा तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघी पहिल्या वर्षाला आहेत आणि त्यांनी खरंच या विषयाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून एवढं लिहितेय.

आधी ते "लाइट आवृत्ती". दोन वेगळ्या देशांतल्या कंपन्या धरा. कॉन्ट्रॅक्टला एका देशाचा कायदा लागू, आर्बिट्रेशनची सीट दुसऱ्या देशात, आणि वसुली करायची तिसऱ्याच देशात कारण हरलेल्याची मालमत्ता तिथे आहे. एकाच भांडणात तीन कायदे झाले, याला लाइट कोण म्हणेल? आणि सीट म्हणजे सुनावणीची जागा नव्हे बरं का, सुनावणी कुठेही घ्या, ऑनलाइन घ्या, पण निवाडा रद्द करा म्हणून अर्ज कुठल्या देशाच्या कोर्टात करायचा हे सीटवरून ठरतं. आता समजा एक पार्टी म्हणाली की मुळात कॉन्ट्रॅक्टच फसवणुकीचं आहे, मग त्यातलं आर्बिट्रेशनचं कलमही गेलं का? तर नाही, ते कलम वेगळा करार धरतात, आणि आपल्याला अधिकार आहे की नाही हे आर्बिट्रेटर आधी स्वतःच ठरवू शकतो. हे दोन्ही अन्सिट्रालच्या (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार कायदा आयोग) १९८५ च्या मॉडेल लॉच्या, म्हणजे देशांनी आपला कायदा करताना वापरायच्या नमुन्याच्या, कलम १६ मध्ये आहे. मला हे पहिल्यांदा वाचून पटलंच नव्हतं, रद्द म्हणताय त्या कागदावरूनच अधिकार कसा येतो, दोन दिवस डोक्यात तेच होतं.

आणि ड्राफ्टिंग. "वाद झाल्यास आर्बिट्रेशन करता येईल किंवा कोर्टात जाता येईल" असं वाक्य कुणी लिहून ठेवलं की मूळ भांडण राहतं बाजूला, हे वाक्य बंधनकारक आहे की नाही यावरच आधी भांडत बसतात. असल्या कलमांना "पॅथॉलॉजिकल क्लॉज" म्हणतात, आयसीसीच्या (क्रिकेटची नव्हे, आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ) फ्रेडेरिक आइझमन यांनी १९७४ मध्ये हे नाव दिलं. ते "येईल" लिहिणारा वकील शिकला असेलच कुठेतरी, एडीआरचा तास मात्र त्याने बुडवला असणार.

"निवाडा शेवटी कोर्टातच जातो". हे अर्धंच खरं आहे. जातो कधीकधी, पण कशासाठी ते बघा. मॉडेल लॉचं कलम ३४ तीन महिन्यांची मुदत देतं आणि कारणं मोजकीच: करारच वैध नव्हता, नीट नोटीस मिळाली नाही, बाजू मांडता आली नाही, आर्बिट्रेटरने कक्षा ओलांडली, नेमणूक किंवा प्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली नाही, तो वाद आर्बिट्रेशनला जाऊच शकत नव्हता, किंवा निवाडा पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे देशाच्या मूलभूत धोरणाच्या, विरुद्ध आहे. पुरावा चुकीचा वाचला, कॉन्ट्रॅक्टचा अर्थ चुकला, हे त्यात नाही. म्हणजे ते अपील नाहीये. काही कोर्टं पब्लिक पॉलिसी हा शब्द ताणतात हे मान्य, त्यावर टीकाही भरपूर होते. पण दुसरी बाजू मेसेजमध्ये नाहीच: १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे निवाडा १७० हून जास्त देशांत अंमलात आणायला नेता येतो, आणि साध्या कोर्टाच्या निकालासाठी एवढ्या देशांना बांधणारा करार आजही नाही.

आता "गोड बोलणं", याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आमच्या एका रोल-प्लेमध्ये दोन बिझनेस पार्टनर वेगळे होत होते आणि मी मेडिएटर. दोन तास आकड्यांवर अडलेलं. मग मी दोघांना वेगवेगळं भेटले, म्हणजे कॉकस. ती म्हणाली, पैशाचं बघू, पण सगळ्या टीमला सीसी करून त्याने मला खोटारडी म्हटलं ते मला लागलंय. तो त्याच्या खोलीत म्हणाला, माफी मागायला तयार आहे, पण एवढ्यात तिला कळू देऊ नका, आकडा ठरल्यावर बघू. परत एकत्र बसलो आणि मी सहज तिला विचारलं, "आणि समजा माफी आली, तर?" तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, त्याने खाली टेबलाकडे. सरांनी तिथेच थांबवलं. मी गुपित फोडलं नव्हतं, फक्त एक प्रश्न विचारला होता, पण तिला कळायचं ते कळलं, आणि त्याच्या हातातला एकमेव पत्ता मी त्याला न विचारता खेळून टाकला. सगळं गोडच बोलले होते हो मी. गोपनीयता म्हणजे काय, कॉकसमधलं काय बाहेर न्यायचं, कुणाला विचारून, कुठल्या शब्दांत, हे तंत्र आहे आणि त्यामागे कायदाही आहे. झालेल्या समझोत्याचंही तसंच, सीमेपलीकडचे व्यापारी समझोते अंमलात आणायला सिंगापूर कन्व्हेन्शन आहे, २०१९ मध्ये सह्या सुरू झाल्या, २०२० पासून लागू.

"कमजोर माणूस मरतो" हा मेसेजमधला एकच मुद्दा मला मनापासून गंभीर वाटतो. खरंच मरतो, समोरच्याची भीती असली की टेबलावरचा "हो" हा हो नसतो. पण हे विषय न शिकण्याचं कारण कसं झालं? कुठली केस मेडिएशनला पाठवायचीच नाही हे याच विषयात शिकवतात. महिलांवरच्या हिंसेविरुद्धचं २०११ चं इस्तंबूल कन्व्हेन्शन घ्या, त्याच्या कलम ४८ मध्ये हिंसेच्या केसेसमध्ये मेडिएशनची सक्ती करायची नाही असं स्पष्ट आहे. सिंगापूर कन्व्हेन्शननेसुद्धा ग्राहक, कुटुंब, वारसा आणि नोकरीचे वाद बाहेर ठेवलेत. ज्याला हे माहीत नाही तोच वकील घाबरलेल्या अशिलाला "बसून मिटवून टाका" सांगून मोकळा होतो.

राहिलं "मूट करा". करा की! पण मूटमधलं मोठं नाव म्हणजे व्हिएन्नातलं विस मूट, आणि ते आर्बिट्रेशनचंच आहे, त्यात एकच टीम आधी दावेदाराचं आणि मग प्रतिवादीचं मेमोरँडम लिहिते.

आणि आदल्या रात्री वाचून पेपर निघतो, हो, निघतो, मी नाही म्हणत नाही. पण कॉकसमध्ये ऐकलेलं चेहऱ्यावरसुद्धा न येऊ देता पुढचा प्रश्न विचारायला मला त्यानंतर अजून चार रोल-प्ले लागले, आणि चौथ्यातही सरांनी एकदा हात वर केलाच.