विवाल्डी आणि माळ्यावरचा पेटारा

परत ती पोस्ट फिरायला लागलीय. विवाल्डी, अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार, म्हणजे नुसता व्हायोलिनवाला, त्याची गायनाची कामं किरकोळ म्हणून लोक विसरले, मग १९२६ ला एका मठाच्या माळ्यावर पेटारा सापडला नि एका रात्रीत सगळं बाहेर आलं. स्टोरी झकास आहे, खरी नाहीये.

आधी ते 'किरकोळ'. त्याचे कॉन्चेर्तो (एखादं वाद्य पुढे, बाकी वाद्यवृंद साथीला, अशा रचना) ॲमस्टरडॅमला छापले गेले, १७११ पासून युरोपभर पोचले. ऑपेरा आणि चर्चसाठीचं गायन राहिलं हस्तलिखितात, म्हणजे ज्याच्या कपाटात त्याच्याच कपाटात. विसरले जायचं मोठं कारण हे, दर्जा नाही. १७१६ चं 'युदिता त्रियुम्फान्स' काढून ऐका, बायबलमधल्या युदिता आणि शत्रूचा सेनापती होलोफर्नेस यांची गोष्ट गाण्यांतून सांगणारं, व्हेनिसच्या पिएता अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिलेलं, पुरुषांची पात्रंसुद्धा त्यांनीच गायची, होलोफर्नेससकट. त्यात युदिताच्या एका आरियात, म्हणजे एकटीच्या गाण्यात, शालुमो नावाचं क्लॅरिनेटच्या घराण्यातलं वाद्य होल्यासारखं घुमतं आणि गळा त्याच्या मागेमागे जातो. हे किरकोळ?

पेटाऱ्याचं तर विचारूच नका. इटलीत मोन्फेरात भागातल्या सालेशियन पाद्र्यांच्या शाळेला बिल्डिंग दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुनी हस्तलिखितं विकायला काढली आणि किंमत करायला तूरीनच्या नॅशनल लायब्ररीला विचारलं. ते काम आलं तूरीन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या अल्बेर्तो जेंतीलींकडे, त्यांना त्यात विवाल्डीचे १४ खंड दिसले. लायब्ररीकडे पैसे कुठले! मग रोबेर्तो फोआ या शेअर ब्रोकरने आपल्या गेलेल्या तान्ह्या मुलाच्या, मौरोच्या नावाने संग्रह विकत घेऊन दिला. पण जेंतीलींच्या लक्षात आलं की हा अर्धाच आहे, उरलेला निघाला जेनोव्हाच्या दुरात्सो घराण्यात आणि तो मिळायला १९३० उजाडलं, तेही फिलिप्पो जोर्दानो या कारखानदाराने दिलेल्या पैशावर. योगायोग बघा, त्यांचाही मुलगा गेलेला, रेंझो. आजही दोन्ही संग्रह त्या पोरांच्या नावाने आहेत.

'एका रात्रीत' म्हणाल तर 'ग्लोरिया' हे त्याचं चर्चसाठीचं गायन इटलीतल्या सिएनाला वाजलं १९३९ मध्ये. ज्यांनी हे हुडकलं ते जेंतीली ज्यू, मुसोलिनीच्या सरकारच्या १९३८ च्या ज्यूविरोधी वांशिक कायद्यांनी त्यांची नोकरी घालवली होती.

आणि 'सगळं' बाहेर आलं? २००५ ला ड्रेस्डेनच्या लायब्ररीत गालुप्पी या दुसऱ्या व्हेनिसवाल्या संगीतकाराच्या नावावर पडलेलं एक 'दिक्सित दोमिनुस' हे चर्चसाठीचं गायन विवाल्डीचं निघालं, जानिस स्टॉकिट या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने ओळखलं. ती प्रत बाल्दान नावाच्या व्हेनिसच्या नकलनविसाच्या दुकानातली, आणि गिऱ्हाइकाला चालेल ते नाव चिकटवून माल खपवायचा हा त्याचा धंदाच होता.