हाय बॉनेट कापायचं नाही

परवाच्या रविवारी रत्नागिरीजवळ भाट्याच्या सुरूबनाजवळ आम्ही जुन्या गाड्यावाले जमलो होतो. चिपळूणची डुक्कर फियाट, आंबा घाट उतरून कोल्हापूरहून आलेली स्टँडर्ड हेरल्ड, दोन पद्मिनी, सावंतवाडीचे येझदीवाले आणि चार जीपा. चौथी जीप आमची, म्हणजे अण्णांची. साडेआठला पोचलो, नऊच्या आत गाडीभोवती कोंडाळं झालं आणि जो वाद सुरू झाला तो जेवणं उरकली तरी मिटेना. त्या गलक्यात मला पुरतं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आधी गाडी सांगतो. आरसी बुकात महिंद्रा, 1961. मॉडेल सीजे-3बी, आपण जिला हाय बॉनेट म्हणतो ती. अण्णांनी 1969 साली सरकारी लिलावातून घेतली आणि पूर्णगडला आणली. तेव्हापासून ती घरची आहे. मागचा हौदा सव्वा फूट वाढवलेला आहे, फाळका (मागचं उघडणारं झाकण) मूळचा नाही, इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल, बाकं फणसाच्या लाकडाची. इंजिन आणि लांबी दोन्ही बदल आरसीत चढवलेले आहेत, अण्णा त्या बाबतीत फार काटेकोर होते.

पहिलं मत आलं एका अनुभवी काकांचं. त्यांनी टेप लावून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस मोजला, 80 इंच भरला, आणि जाहीर केलं की ही दुसऱ्या महायुद्धातली विलिज, म्हणजे अमेरिकन सैन्याची जीप आहे, वरचा पत्रा नंतर बदललाय. "लिलावात घेतली ना? मग डिस्पोजलचीच, सैन्याने मोडीत काढलेली." काकांचा जीपवरचा जीव मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना दुखवायचं नाही. पण 80 इंचांवरून काहीच सिद्ध होत नाही. युद्धातल्या विलिज एमबीचा व्हीलबेस 80, फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूचा 80, युद्धानंतरच्या सीजे-2एचा 80, सीजे-3एचा 80 आणि आमच्या 3बीचाही 80. ही सगळी एकाच मापाची भावंडं आहेत.

खरी ओळख बॉनेटच्या उंचीतच आहे. युद्धातल्या जीपच्या गो-डेव्हिल इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असायचे, त्यामुळे इंजिन बुटकं आणि बॉनेट सपाट, खाली. पुढे हरिकेन इंजिन आलं. क्षमता तीच, 134 घनइंच, म्हणजे साधारण 2.2 लिटर. पण त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खालीच राहिले. ताकद 60 हॉर्सपॉवरवरून 70 च्या वर गेली, आणि इंजिनची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उचललं. तीच सीजे-3बी. अमेरिकेत ती 1953 ते 1968 निघाली, आपल्याकडे महिंद्राने त्यानंतरही बरीच वर्षं काढली. युद्ध संपलं 1945 ला. म्हणजे हाय बॉनेट घेऊन जन्मलेली गाडी युद्धात असणं शक्यच नाही.

ज्यांना खरोखर युद्धातली जीप ओळखायची आहे त्यांनी गाडीखाली शिरावं. पुढच्या जाळीत नऊ फटी असतात, नागरी जीपला सात. हेडलाइट जाळीच्या मागे आत बसवलेले आणि बिजागरीवर उलटे फिरतात, रात्री इंजिनावर उजेड पाडता यावा म्हणून. मागे फाळका नाही, आणि दोन्ही मागच्या चाकांवरच्या पत्र्यात हत्यारांचे कप्पे. स्टिअरिंग डावीकडे, कारण सैन्यासाठी त्या सगळ्या तशाच बनल्या. उजवीकडे दिसलं तर ते नंतर हलवलेलं. विलिज की फोर्ड, हे बघायचं तर रेडिएटरखालची चासीची आडवी पट्टी पाहा, विलिजची गोल नळी आहे आणि फोर्डची चौकोनी, उलट्या यूसारखी. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ उमटवलेला असतो. अशी अस्सल गाडी कुणाकडे निघाली तर तिचा प्रत्येक बोल्ट जपा. मी स्वतः येऊन हातभार लावीन.

दुसरं मत तरुण मुलांचं, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. त्यातला एक मुलगा खूप तळमळीने म्हणाला, "काका, ही लो बॉनेट करा. नऊ फटींची जाळी, आर्मी ग्रीन रंग, बॉनेटवर पांढरा तारा. काय दिसेल!" शेजारच्याने मंडी डबवालीचा भावही सांगितला. हरियाणातलं ते गाव जीपच्या बॉड्या बांधण्यासाठीच ओळखलं जातं, तयार लो बॉनेट बॉडी मिळते, चासीवर चढवली की झालं.

लो बॉनेटची रेष सुंदर आहे, हे मी मनापासून मान्य करतो. काच पुढे पाडलेली, सपाट बॉनेट, दोन्ही मडगार्ड टेबलासारखी. तिच्यात एकही रेष फुकटची नाही. पण आमची गाडी तशी करायची तर काय काय जाईल ते मी त्या मुलाला मोजून दाखवलं. बॉनेट जाईल, जाळी जाईल, काचेखालचा सगळा पत्रा जाईल. एवढं करूनही इंजिन आत बसणार नाही, म्हणजे तेही जाईल. मागचा वाढीव हौदा तर आधीच कापावा लागेल. मग राहिलं काय? चासी आणि नंबरप्लेट. आणि त्या चासीवर जी गाडी उभी राहील ती कधीच कुठे नव्हती. तो पांढरा तारा दोस्त सैन्याच्या गाड्यांची खूण होता. आमची गाडी 1961 ची, तिच्यावर तारा काढणं म्हणजे ज्याने लढाई पाहिली नाही त्याच्या छातीवर पदक लावणं. मला ते करवणार नाही.

तिचं जे खरं आहे ते मागच्या बाजूला आहे. तिथे कुणी बघतच नाही, सगळे पुढे उभे राहून फोटो काढतात.

1974 च्या पावसाळ्यात अण्णांनी हौदा वाढवून घेतला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एक चाचा होते, मच्छीमार होड्यांची इंजिनं आणि लोखंडी काम करायचे. जीपचं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. अण्णांची अडचण साधी होती. हापूसच्या लाकडी पेट्या मागे दोन रांगांत बसत नव्हत्या, दुसऱ्या रांगेची पेटी चार बोटं बाहेर यायची, आणि पावस गावाच्या चढावर तीच पेटी पडायची. पूर्णगड ते रत्नागिरी दोन फेऱ्या मारायच्या, मग रत्नागिरीतून ट्रकने क्रॉफर्ड मार्केट. एक फेरी वाचली की एक रात्र वाचायची, आणि पिकायला लागलेल्या आंब्याला एक रात्र फार असते.

चाचांनी पेटी आणवली, ती हौद्यात आडवी ठेवली, उभी ठेवली, आणि खडूने जमिनीवर माप आखलं. कागद नाही, नकाशा नाही. चासीला मागे जोड देताना त्यांनी सांधा सरळ उभा घेतला नाही, तिरका घेतला, आणि आतून पट्टी घालून वर रिबिटं मारली. तुम्ही आज गाडीखाली आडवे पडलात तर तो सांधा हाताला लागतो. गॅस वेल्डिंगचे छोटे छोटे खवले, एकावर एक, सारख्या मापाचे. उभा सांधा असता तर धक्क्याने एका रेषेत तडकला असता. पन्नास वर्षं झाली, आमच्या रस्त्यांवरून, आणि त्याला केसभर चीर नाही. फाळक्याला कड्या आहेत त्या पितळी, होडीच्या सामानातल्या, कारण लोखंडी कडी खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकत नाही हे चाचांना माहीत होतं. खालून सगळ्या पत्र्याला काजूच्या टरफलाचं तेल, होडीच्या लाकडाला लावतात तेच. गेल्या वर्षी मी एका कोपऱ्यातला रंग खरवडला तेव्हा थर दिसले: निळा, त्याखाली हिरवा, मग मळकट पांढरा, मग तांबडा रेड ऑक्साइड, आणि अगदी तळाशी त्या तेलाचा काळपट चिकट थर. पत्रा त्याखाली चकचकीत होता. मी खरवडायचं तिथेच थांबवलं.

त्या पेटीच्या मापावरून बनलेली गाडी आहे ही. आता सांगा, हे मॉडिफिकेशन म्हणून उडवून लावायचं?

इंजिनाची गोष्ट वेगळी. 1973 नंतर पेट्रोल परवडेनासं झालं. हरिकेन इंजिन पेट्रोल पिणारं, आणि बागायतीच्या धंद्यात ते बसेना. अण्णांनी काही वर्षं ओढली आणि मग इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवून घेतलं. ते उंच आहे. हाय बॉनेट होतं म्हणून बसलं. ज्या उंचीला मुलं कुरूप म्हणतात त्या उंचीने ही गाडी भंगारात जाण्यापासून वाचवली, नाहीतर आमच्याकडच्या कितीतरी पेट्रोल जीपा त्या काळात उकिरड्यावर गेल्या.

तिसरं मत एका अभ्यासू गृहस्थांचं. ते म्हणाले, ही व्हिंटेजही नाही आणि ओरिजिनलही नाही, तेव्हा वाद कशाला? शब्दापुरते ते बरोबर आहेत. जाणकार मंडळी व्हिंटेज हा शब्द 1930 पर्यंतच्या गाड्यांपुरताच ठेवतात. आपल्या सरकारच्या 2021 च्या नियमांत मात्र 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज धरली आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आमची गाडी या अटीत बसत नाही, आणि मला त्याची खंत नाही. व्हीए नंबर मिळाला तर ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच काढायची. आमची गाडी अजून मार्च ते मे बागेत असते.

पण "ओरिजिनल नाही म्हणून महत्त्व नाही" हे मला अजिबात पटत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, ट्युरिन चार्टर म्हणून एक मार्गदर्शक सनद केली आहे. तिच्यातही गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल तिच्या इतिहासाचे साक्षीदार म्हणून ठेवायला वाव आहे. फिलिपिन्समध्ये युद्धानंतर उरलेल्या जीपा लोकांनी मागे वाढवल्या, छत घातलं, बाकं टाकली आणि त्यातून जीपनी उभी राहिली. त्या देशाची ती ओळख आहे. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात मिस्त्रींनी तेच केलं. कोकणात आंब्यासाठी, मासळीच्या टोपल्यांसाठी, वडापला दहा माणसं बसवण्यासाठी. आपण मात्र आपल्या मिस्त्रींचं काम खरवडून काढतो आणि वर परदेशातल्या सैन्याचा रंग देतो.

सगळेच बदल पवित्र आहेत असं माझं म्हणणं नाही. गेल्या दहा वर्षांत निम्म्या जीपांना मोठाले टायर, एलईडीच्या पट्ट्या, क्रोमचे बंपर लागलेत. त्यातलं काही गरजेतून आलेलं नाही, म्हणून मला ते रुचत नाही. उलट ब्रेक मी स्वतः बदलणार आहे. सगळीकडे ड्रम, आणि एकाच लाइनवर चारही चाकं. लाइन फुटली तर काहीच उरत नाही. एवढ्या वाढीव हौद्यावर माल भरून अण्णा ते कसे निभावत होते या विचाराने आजही पोटात गोळा येतो. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणार, म्हणजे एक लाइन गेली तरी दुसरी उरेल, आणि जुना कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवणार.

तो तरुण मुलगा शेवटी माझ्यासोबत गाडीखाली आडवा झाला. मी टॉर्च धरला, त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "हे ज्यांनी केलं, त्यांचं नाव कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही. चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली, त्यांची मुलं होडीच्या धंद्यातही राहिली नाहीत. त्यांनी आणखी किती गाड्या केल्या हेही मला ठाऊक नाही.

म्हणून एक मागणं आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, गुहागर, दापोली, कुठेही तुमच्या घरी जीप होती का? लग्नातला, पूजेतला, आंब्याच्या हंगामातला जुना फोटो असेल तर खाली टाका. गाडीची मागची बाजू किंवा बाजूने अख्खी गाडी दिसेल असा असला तर फारच बरं. हौदा कुणी वाढवला, कुठल्या गावात, साधारण कुठल्या साली, आठवेल तेवढं लिहा. मिस्त्रीचं नाव माहीत असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर तेही. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर आमच्या चाचांचा सांधा आहे, पेन्सिलने काढलेला, मापासकट.