उभ्या कपाटातला हिवाळा

आमच्या घरात माझ्यापेक्षा उंच असे दोघेच आहेत. एक आमचे चिरंजीव आणि दुसरा फ्रीझर. चिरंजीवांना बरे नसले की ते सांगतात. फ्रीझर सांगत नाही, आणि पुढच्या सर्व हालअपेष्टांचे मूळ त्याच्या या अबोल्यात आहे, असे निदान तेव्हा तरी माझे मत होते.

फ्रीझर पेटीसारखा आडवा घ्यावा की कपाटासारखा उभा, यावर घरात दोन रविवार चर्चा झाली. आडव्या फ्रीझरमध्ये तळाशी गेलेली वस्तू वर आणायची म्हणजे उत्खननच करावे लागते आणि माझ्या कमरेला ते झेपणारे नाही, हा माझा मुद्दा अखेर मान्य झाला. गार हवा गरम हवेपेक्षा जड असते हे मी शाळेत शिकलो होतो. पण शाळेत शिकलेले खरेदीच्या वेळी आठवण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. आडव्याचे झाकण उघडले तरी थंडी विहिरीतल्या पाण्यासारखी आत बसून राहते. उभ्याचे दार उघडले की ती थेट पायांवर सांडते. दार उघडे धरून ‘मी नेमकं काय काढायला आले होते?’ असा विचार करत बायको उभी असते, तेव्हा तिच्या घोट्यांभोवती जो सुखद गारवा खेळत असतो, तो आमच्या वीजबिलातला असतो. शिवाय बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला खोलीतली दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ आत गोठते. ही वाफ लक्षात ठेवावी. ती पुढे मोठे काम करणार आहे.

पहिल्याच आठवड्यात दार लावून लगेच पुन्हा उघडायला गेलो, तर ते उघडेना. मी एक पाय भिंतीला लावून ओढू लागलो, तेव्हा दार न उघडता अख्खा फ्रीझर माझ्याकडे झुकला. नंतर कळले, की आत शिरलेली उबदार हवा एकदम गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवाच दार दाबून धरते. मिनिटभर थांबले की ते बोटाने उघडते. हे मिनिट थांबायला मला दोन महिने लागले.

मग आवाज. फ्रीझरला इतके आवाज असतात याची मला कल्पना नव्हती. कॉम्प्रेसर सुरू होताना घुर्र, बंद होताना धडका, गार झालेले प्लास्टिक आकसताना मध्येच बोट मोडल्यासारखे कट्‌, नळ्यांमधून काहीतरी वाहत गेल्याची गुळगुळ, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे मध्यरात्री तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसे चर्र. बाकीचे आवाज मी सहन केले. चर्र मात्र मला अजिबात आवडला नाही, कारण थंडी करणाऱ्या यंत्रात काहीतरी तळले जात असल्याचा भास कोणाही शहाण्या माणसाची झोप उडवील. अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी एकही फिरता भाग नसलेला फ्रीज शोधून १९३० साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले होते, हे वाचल्यावर तर मला हळहळच वाटली. सापेक्षता मला कधी कळली नाही आणि तिच्यावाचून माझे काही अडलेही नाही. पण हा मुका फ्रीज घरोघरी पोचता, तर मी त्या गृहस्थाचा फोटो स्वयंपाकघरात लावला असता.

आणि एके दिवशी तो चर्र आपोआप बंद झाला. तीन रात्री मी मुद्दाम कान देऊन जागलो, आवाज नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी बायकोला विजयी स्वरात म्हणालो, “बघ, आता कसा रुळला! नवं यंत्र असंच असतं, थोडा धीर धरावा लागतो.”

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आइस्क्रीममध्ये चमचा पहिल्याच प्रयत्नात आत गेला.

एरवी आमच्याकडे आइस्क्रीम काढताना एक-दोन चमचे वाकतात. त्या दिवशी ते लोण्यासारखे आले आणि घरातल्या सर्वांना त्याचा मनापासून आनंद झाला. शंका फक्त मला आली. पण मी ती लगेच फेटाळली, कारण माझ्याकडे पुरावा होता. पाण्याने भरलेला एक पेला गोठवून त्यावर मी नाणे ठेवले होते. आपण गावाला गेल्यावर वीज बराच वेळ गेली, तर बर्फ वितळून नाणे खाली बुडते आणि परतल्यावर आपल्याला घडलेला प्रकार कळतो, अशी ही युक्ती. नाणे जिथल्या तिथे होते. “सगळं ठीक आहे,” मी जाहीर केले. वस्तुस्थिती अशी, की नाण्याला फक्त शून्य अंश कळतो. नुसत्या पाण्याचा बर्फ शून्याला वितळतो, पण साखर घातलेले आइस्क्रीम त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. त्यामुळे उणे अठरावर ठेवायचा माल उणे पाचवर येऊन रडत असला, तरी नाणे वर बसून सर्व कुशल असल्याचे कळवत राहते.

अखेर थर्मामीटर आणला आणि तो हवेत न टांगता दोन पुड्यांच्या मध्ये रात्रभर ठेवला, कारण दार उघडताच आतली हवा बदलते, पुड्यांचे तापमान मात्र लवकर बदलत नाही. सकाळी आकडा होता उणे नऊ. मी आतला नॉब एकदम सातवर नेला. नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, ती नुसती इच्छाशक्तीची पातळी असते, हे मला ठाऊक होते. परंतु अशा वेळी माणसाला काहीतरी फिरवावेसे वाटते. परिणाम इतकाच झाला, की कॉम्प्रेसर अखंड चालू लागला आणि पारा उणे आठवर आला.

घरातल्या यंत्राला काही झाले, की समाजात किती तज्ज्ञ दडलेले आहेत ते कळते. मेहुणे, शेजारी, माझ्या कार्यालयातले निवृत्तीला आलेले लेखापाल या सर्वांनी न बघता एकच निदान केले, “गॅस संपला असेल.” या गॅसविषयी लोकांच्या मनात स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखे काहीतरी असावे. प्रत्यक्षात फ्रीझरमधला वायू बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो; आत बाष्प होताना उष्णता घेतो, बाहेर द्रव होताना ती सोडतो, आणि नळीला कुठे भोक पडल्याशिवाय तो वर्षानुवर्षे संपत नाही. हे मी मेहुण्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे भोक पडलं असेल.”

तेव्हा तपासाची सूत्रे मी स्वतःकडे घेतली. प्रथम दाराचे रबर. कागदाची पट्टी दारात अडकवायची आणि ओढून बघायची. अडखळत आली तर रबर घट्ट, सहज निघाली तर फट. मी वीजबिलाचीच पट्टी कापली, कारण त्या कागदावर माझा राग होता. बिजागरीकडचा खालचा कोपरा सैल निघाला. तो कोमट पाण्याने पुसला, केस वाळवायच्या यंत्राने लांबून ऊब दिली आणि बोटांनी ओढून बसता केला. रबर बसले, पारा बसला नाही. मग मागची धूळ. कॉइलवर धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही, हे वाचून मी तो राक्षस भिंतीपासून पुढे ओढला आणि ब्रश घेऊन मागे शिरलो, तर तिथे कॉइलच नव्हती! सपाट पत्रा. माझी कॉइल कोणी नेली, असा प्रश्न क्षणभर खरोखर पडला. आमच्या मॉडेलमध्ये ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आत बसवलेली असते आणि म्हणूनच त्या बाजू गरम लागतात. याच गरमपणावरून मी पूर्वी दोनदा घरच्यांना घाबरवले होते. मागे जाऊन अगदीच रिकाम्या हाताने आलो असे नाही. मुलाचे हरवलेले भूमितीचे प्रमाणपत्र तिथे सापडले.

खरा प्रकार दिसला तो आतल्या मागच्या भिंतीवर. फ्रॉस्ट फ्री म्हणून मिरवणाऱ्या आमच्या फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकवर कापसाचा पातळ थर द्यावा तसा पांढरा शुभ्र हिमाचा थर चढला होता, आणि ज्या जाळीतून गार वारा यायचा तिथे तळहात धरला तर वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती.

फ्रीझर रिकामा करायचे ठरले. आमच्या संसाराचा गोठवलेला इतिहास शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये आश्रयाला गेला. आश्रय देण्यापूर्वी शेजारणीने प्रत्येक पुडा हातात घेऊन “हे काय आहे?” असे विचारले आणि निम्म्या पुड्यांच्या बाबतीत आम्हाला उत्तर देता आले नाही. एकावर करडे, कोरडे चट्टे पडले होते. पिशवी सैल बांधली की आतला बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन निघून जातो आणि मागे असे सुकलेले अवशेष उरतात. पिशवी बांधणारा मीच होतो, हे दोघांनाही माहीत असून बायको काही बोलली नाही. हे अधिक वाईट असते.

मी बर्फ खरवडायला सुरी घेतली तेव्हा मात्र ती बोलली, “अहो, ठेवा ती खाली.” आणि ती बरोबर होती. घरगुती फ्रीझरमध्ये आता बहुधा आयसोब्युटेन हा वायू असतो. तो पेट घेतो, आणि सुरीचे टोक नळीत गेले की मेहुण्यांचे भोकाचे निदान मी स्वतःच्या हाताने खरे करून दाखवले असते. म्हणून प्लग काढला, दार सताड उघडे ठेवले, खाली जुने टॉवेल अंथरले आणि चोवीस तास नुसते बसून राहिलो. पहाटे कधीतरी मागच्या प्लास्टिकआड पहिला ढलपा सुटून धप्पकन पडला. तो आवाज ऐकून मी दचकलो नाही, उलट सुखावलो. तळाशी पाणी वाहून जाण्याचे जे भोक असते, तेही बर्फाने बुजले होते. त्यात पिचकारीने गरम पाणी सोडत राहिलो, आणि विसाव्या का पंचविसाव्या पिचकारीला मागे खाली, कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत, टप्‌ टप्‌ टप्‌ असे पाणी पडू लागले.

संध्याकाळी फ्रीझर सुरू केला. दुसऱ्या दिवशी उणे अठरा. मी मेहुण्यांना फोन केला. पुढचे काही दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी थर्मामीटर काढून दाखवत होतो आणि यंत्राकडे प्रेमाने बघितले तर तंत्रज्ञाची गरज कशी पडत नाही, यावर बोलत होतो. अकराव्या दिवशी चमचा आइस्क्रीममध्ये पुन्हा सहज गेला.

तंत्रज्ञ मुलगा आला तो विशीतला, खांद्यावर एकच पिशवी. मी त्याला सर्व इतिहास क्रमवार सांगायला घेतला. त्याने तो मध्येच थांबवला आणि विचारले, “काका, बर्फ वितळवल्यावर किती दिवस नीट चालला?”

“अकरा.”

“मग गॅस आहे, कॉम्प्रेसर आहे. हीटर गेलाय.”

फ्रीझरला हीटर असतो, हे वाक्य पचायला मला थोडा वेळ लागला. त्याने मागचे प्लास्टिक उघडले. तिथली, थंडी करणारी वेगळी कॉइल पुन्हा गोठून बर्फाच्या लादीत दिसेनाशी झाली होती. आतली थंडी या एका कॉइलमधून येते आणि मागचा पंखा ती सर्व खणांत पोचवतो. दार उघडताना शिरलेली वाफ (तीच ती) या कॉइलवर येऊन गोठते, म्हणून ठरावीक तासांनी टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, कॉइलखालचा हीटर पेटवतो, चढलेला हिमाचा थर वितळवतो आणि ते पाणी भोकातून खालच्या ताटलीत सोडतो, जिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते उडून जाते. हीटर बंद पडला, की रोजचा थर साठत जातो आणि पंधरवड्याच्या आतच वाऱ्याची वाट बुजते. त्याने विजेची वाट अखंड आहे का ते तपासणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन तारा हीटरच्या दोन टोकांना लावल्या. यंत्र गप्प राहिले. “वाजायला पाहिजे होतं,” तो म्हणाला, आणि काळवंडलेल्या नळीवरचा एक बारीक तडा त्याने मला बोटाने दाखवला.

मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, “रात्री चर्र असा आवाज यायचा का हो याचा?”

“यायचा ना,” मी म्हणालो, “पण तो मध्यंतरी बंद झाला.”

“कधी बंद झाला?”

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“वितळलेलं पाणी गरम हीटरवर ठिबकतं, त्याचा आवाज तो,” मुलगा पाना फिरवत म्हणाला. नवा हीटर बसवून त्याने टायमरची खाच स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवली; टक्‌ झाले, कॉम्प्रेसर गप्प झाला, आणि दोनेक मिनिटांनी आतून तो माझ्या ओळखीचा, मी जवळजवळ वर्षभर शिव्या घातलेला चर्र ऐकू आला. तव्यावर पहिला थेंब पडावा तसा.

आता आमच्याकडे फ्रीझर पुढच्या पायांवर किंचित उंच केलेला आहे, म्हणजे दार आपसूक मिटते. रिकाम्या खणांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या आहेत, कारण वीज गेली आणि दार बंद राहिले, तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो आणि अर्धा भरलेला २४. आणि प्रत्येक पुड्यावर नाव-तारीख आहे, तीही बायकोच्या अक्षरात, कारण माझे अक्षर मलाही लागत नाही. नाण्याचा पेला मी काढून टाकला.

परवा रात्री अडीच वाजता बायकोने मला हलवून उठवले. “अहो, आज आवाज आला नाही.” मी म्हणालो, आपण झोपेत असताना येऊन गेला असेल. ती म्हणाली, ती जागीच होती. मग आम्ही दोघे उठून अंधारात फ्रीझरसमोर खुर्च्या टाकून बसलो. चिरंजीव पाणी प्यायला आले, आम्हाला तसे बसलेले पाहून एक शब्दही न बोलता परत गेले. तीनला पाच कमी असताना कॉम्प्रेसर थांबला. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. काही वेळ काहीच नाही, आणि मग, चर्र.

“चला,” ती म्हणाली आणि आम्ही झोपायला गेलो.